चार संघांचा नकार

खडकीच्या मातीच्या मैदानावर आम्ही मुली हॉकी खेळायचो, तेव्हाची ही गोष्ट. एस्तेर गायकवाड भावाचे बूट घालून आमच्या संघात जागा मागायला आली. शहरातल्या इतर चारही संघांनी तिला नाकारलं होतं.

आमचे व्यवस्थापक साळवीसाहेब खुर्चीतून न उठताच म्हणाले, "चौघांनी नाकारलेली मुलगी मी कशाला घेऊ?"

आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. एस्तेर मात्र शांतपणे म्हणाली, "साहेब, त्यातल्या एकाने जरी घेतलं असतं, तर त्यांच्यावर मला गोल मारता आला नसता. आता चौघांवरही मारीन."

साहेब खो खो हसले आणि त्यांनी अर्ज तिच्यापुढे सरकवला.

त्या मोसमात तिने खरंच चौघांवर गोल मारले. शेवटच्या गोलाला साळवीसाहेब टोपी उडवून ओरडले होते. ते आठवलं की आजही मला हसू येतं, आणि डोळेही भरून येतात.