पहिल्या नंबराचा भोपळा

"आता तरी म्हणा ना बाबा, शिकली म्हणून?"

रेवतीने भोपळा गुलाबबाबांच्या पुढ्यात ठेवला. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनातून ती थेट दर्ग्यामागच्या मळ्यात आली होती. भोपळ्याच्या मानेला पहिल्या नंबराची निळी फीत. खोबरेल चोळून त्याची हिरवी साल तिने लखलखीत केली होती.

गुलाबबाबा हे फकीर. एकतारी हे वाद्य बनवत. एकतारीच्या तुंब्याला लागणारा कडू भोपळा आता कोणी लावत नव्हतं, आणि बाबांची बियांची मडकी पुरात गेली होती. गाळात चार बिया सापडल्या. त्यांतली एक उगवली. तिच्या वेलीला एकच फळ धरलं.

ती वेल बाबांनी रेवतीच्या हवाली केली होती. "याची एकतारी तू करायची. बी पण तूच धरायचं. मात्र वेल वाळेस्तोवर हात लावू नको."

"अकरा किलो भरला," रेवती म्हणाली. "पोरापोरींनी काय काय मांडलं होतं! कोणी ठिबकचा नमुना, कोणी बोकड. एकीचा कोबी तर माझ्या डोक्याएवढा. साहेब सगळ्यांपुढून गेले... माझ्यापाशी थांबले."

"थांबले?"

"माइकवर नाव घेतलं माझं."

"छान घेतलं असेल."

"चुकीचं घेतलं. रेखा म्हणाले." ती हसली. "पण घेतलं!"

बाबाही हसले.

"पहाटे तुम्हाला विचारणार होते. तुम्ही निजला होता..."

"सकाळी बघितला मी कापलेला देठ."

बाबांनी भोपळा मांडीवर घेतला. बोटाने टिचकी मारली. कान लावला. पुन्हा मारली...

"काय म्हणतोय?"

"काही नाही."

"उन्हात ठेवू की. सुकेल."

"हिरवा तोडलेला सुकत नाही, पोरी. सडतो."

"मग... बी काढू. पुढच्या साली पुन्हा लावू."

बाबांनी विळा तिच्याच हातात दिला.

तिने भोपळा चिरला. आत ओला, पांढरा गर. एक बी चिमटीत धरली, ती चिरडली. दुधासारखं पाणी आलं. दुसरी धरली. तिसरी...

तिने कोपरापर्यंत हात घालून सगळा गर उपसला. एकही बी टणक लागली नाही.

"महिनाभर थांबले असते तर?"

बाबा सांडलेला गर गोळा करू लागले.

"प्रदर्शन वर्षातनं एकदाच असतं, बाबा."

"हो."

"रागवा तरी!"

बाबांनी खांद्यावरच्या फडक्याने तिचे हात पुसले. एकेक बोट.

"दुसऱ्या गावात कुणाकडं तरी असेल बी..."

"नदीकाठची सगळी गावं फिरलो मी. दोन वर्षं."

ऊन कललं. बाबा उठले. घागर भरून आणली आणि वेलीच्या आळ्यात पाणी घालू लागले. रोजच्या वेळी, रोजच्याएवढं.

थंडी पडली होती. या दिवसांत वेलीला नवं फूल धरत नाही. कापलेल्या देठातून अजून थेंब गळत होता.

"आता कशाला पाणी, बाबा? तिचं फळ तर गेलं."

बाबांनी घागर तशीच तिरकी धरून ठेवली.

"तिला अजून कुठं कळलंय..."