टिटवीचं पाचवं अंडं

माणसांच्या घरात पंचांग आलं, त्याच्या कितीतरी आधी ते पाखरांत होतं. तेव्हाची ही गोष्ट.

नदीकाठच्या खडकाळ माळावर टिटवीने चार अंडी घातली. पाखरांचा जोशी पिंगळा आला, त्याने नखांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. "चौथं अंडं मूळ नक्षत्रावर आलंय. बापाच्या जिवाला धोका आहे. नदीत सोडून द्या."

त्या दिवसापासून टिटव्याला घास गिळवेना. ढगाची सावली पडली तरी तो दचकायचा. "टाकून दे ते," असं सारखं म्हणायचा. टिटवी अंड्यांवरून उठायची, चार पावलं फिरायची, पुन्हा येऊन बसायची. टाकणं सोपं, पण पिंगळ्याचं खरं कशावरून, असं तिच्या मनात यायचं.

तिसऱ्या दिवशी तिने अंड्यासारखाच ठिपक्याठिपक्यांचा एक खडा शोधला, अंड्यांशेजारी ठेवला आणि पिंगळ्याला बोलावलं. "महाराज, हे पाचवं. आज सूर्य उगवताना झालं."

पिंगळ्याने डोळे मिटून पुन्हा नखं मोजली. "राजयोग आहे, बाई! हे पिल्लू सात नद्या ओलांडेल."

टिटवी नवऱ्याकडे वळली. "अहो, जरा चोच मारा त्याला."

"अगं, फुटेल ना!"

"फुटू द्या."

टिटव्याने भीत भीत चोच मारली. टक्क! चोच झिणझिणली.

"तुम्ही वेळच चुकीची सांगितलीत," पिंगळा घाईघाईने म्हणाला.

 टिटवा गेला आणि चौथ्या अंड्यावर पंख पसरून बसला.

पावसाळ्याआधी चारही पिल्लं बापामागून उडून गेली. सात नद्या ओलांडणारं पाचवं अजून माळावरच आहे.