लॅकर वाजवायची नसते

"वाजवायचीच नाही, तर मग ती बरोबर कापली गेलीय हे कळणार कसं, चाचा?"

"डोळ्यानं," दस्तगीरचाचा म्हणाले.

"संगीत... डोळ्यानं?"

"कापलंयस तू. मग बघ की."

दस्तगीर मुजावर मिरजेत रेकॉर्ड कापतात. तरुणपणी ते एका रेकॉर्डच्या कारखान्यात होते. कॅसेट आल्या, कारखान्याने कापायचं यंत्र भंगारात काढलं, आणि चाचांनी ते ट्रकमध्ये घालून घरी आणलं. तीस वर्षं त्याच्यावर चादर होती. मग पुण्या-मुंबईची पोरं हाऊस आणि टेक्नो या नाचायच्या संगीताच्या रेकॉर्ड काढायला लागली आणि ती चादर निघाली. चाचा त्या संगीताला 'धडधड' म्हणतात. कापताना मात्र भजन आणि धडधड यांत फरक करत नाहीत.

अधिराज पाटणकर दीड वर्षापासून त्यांच्याकडे शिकत होता. पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलेला. हुशार होता, आणि समोरच्याला ते विसरू देत नव्हता. मान खाली घालायची सवय त्याला मायक्रोस्कोपने लावली, तीही तेवढ्यापुरतीच.

पुण्यात 'तळघर' नावाचं रेकॉर्ड काढणारं एक छोटं लेबल आहे. त्यांच्या चार नव्या रेकॉर्ड एकाच दिवशी निघायच्या होत्या. तिघांचं काम कारखान्यात पोचलं होतं. चौथी रेकॉर्ड अधिराजने स्वतः केलेल्या संगीताची, आयुष्यातली पहिली. मुंबईच्या कारखान्याचा माणूस आज तीन वाजता ती न्यायला येणार होता. आज गेली नाही तर चौथी जागा रांगेतल्या दुसऱ्या कुणाला तरी, असं लेबलवाल्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

आणि अधिराजने हट्ट धरला होता, माझी लॅकर मीच कापणार.

"आजच?" चाचांनी एवढंच विचारलं होतं.

"आजच."

लॅकर म्हणजे पहिली तबकडी. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मऊ काळा थर असतो, त्यात सुई चर कापत जाते. तिच्यावरून साचा निघतो आणि साच्यावरून शेकडो रेकॉर्ड. त्या कुणीही वाजवाव्यात. ही मात्र कुणीच वाजवायची नाही. थर इतका मऊ की सुई एकदा फिरली तरी चराच्या भिंती घासल्या जातात, आणि पुढच्या सगळ्या रेकॉर्डचे वरचे, बारीक आवाज बोथट होतात.

हे अधिराजला पाठ होतं. दुसऱ्यांना समजावून सांगायला तर फार आवडायचं.

दीड वाजता चाचा नमाजाला उठले.

"मी येतो. तू बघत बस."

"आणि शंका आली तर?"

"येणारच की," चाचा म्हणाले आणि चपला घालून गेले.

अधिराज मायक्रोस्कोपवर वाकला.

चर सुरेख आले होते. पहिल्या मिनिटाला, तिसऱ्या मिनिटाला, पाचव्या. सातव्या मिनिटाला, जिथे बास, म्हणजे खालचा जड ठोका, थांबतो आणि पुन्हा कोसळतो, तिथे दोन चर फार जवळ आल्यासारखे वाटले. चिकटले असतील तर प्रत्येक रेकॉर्डवर सुई तिथे उडी मारणार. नाचणाऱ्यांच्या भर गर्दीत, नेमकी तिथेच.

त्याने डोळे पुसले. पुन्हा पाहिलं. मध्ये भिंत होती... की नव्हती?

दहा मिनिटं तो त्या एका जागेकडे बघत राहिला. जितकं बघावं तितकं कमी दिसायला लागलं.

दुसरा कुणी असता तर चाचांची वाट बघत बसला असता. पण 'चाचा, मला कळत नाहीये' हे वाक्य त्याच्या तोंडून दीड वर्षांत एकदाही निघालं नव्हतं.

फक्त चार ठोके, तो स्वतःशी म्हणाला.

त्याने तबकडी उचलून वाजवायच्या यंत्रावर ठेवली. सातव्या मिनिटाच्या जरा अलीकडे सुई टेकवली.

चार ठोके झाले. मग आठ. मग बास थांबला, आणि कोसळला, आणि सुईने उडी मारली नाही. भिंत होती. सगळं बरोबर होतं, त्याने आजवर केलेल्या कुठल्याही कामापेक्षा बरोबर. त्या आनंदात त्याने सुई शेवटपर्यंत जाऊ दिली.

मग खोली शांत झाली.

त्याने तबकडी पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतली. पाच मिनिटांपर्यंत चर पहिल्यासारखेच काळे आणि चकचकीत होते. सातव्याच्या पुढे त्यांच्या कडेवर बारीक राखाडी रेघ आली होती.

चाचा आले तेव्हा तो खुर्चीत ताठ बसला होता.

"बघितलीस?"

"बघितली."

चाचा मायक्रोस्कोपवर वाकले. तबकडी एका हाताने हळूहळू फिरवत राहिले. बराच वेळ... घड्याळात पावणेतीन वाजले होते.

"काय दिसलं, चाचा?"

"तू सांग. कापलीस तू."

"मला... ठीक वाटतेय."

"मग घाल पेटीत."

अधिराजने तबकडी पेटीत बसवली, एकेक स्क्रू आवळला. चाचांनी झाकणावर चिठ्ठी चिकटवून जाड अक्षरात लिहिलं, 'तळघर १४'. त्याखाली त्याचं पूर्ण नाव लिहिलं. अधिराजला ते वाचवेना.

कुणाला कळणार आहे, तो मनात म्हणत होता. अंधारी खोली, शंभर माणसं, छाती हलवणारा बास. त्यात दोन मिनिटांपुरते वरचे आवाज किंचित दबले तर कोण थांबून ऐकणार आहे? रेकॉर्ड तर निघेल. नाव तर लागेल. दीड वर्षाचं काहीतरी होईल.

तीनला पाच कमी असताना बाहेर गाडी थांबली.

"झालंय का, चाचा?" कारखान्याचा माणूस उंबऱ्यातूनच म्हणाला. "लगेच निघायचंय. उद्या सकाळी पहिल्या घाण्याला घालायची हाय."

चाचांनी पेटी उचलली आणि अधिराजच्या हातात दिली.

"दे त्याला. तूच दे."

अधिराज पेटी घेऊन दोन पावलं गेला. माणसाने हात पुढे केले. चाचा मागे उभे होते. त्यांनी घसासुद्धा खाकरला नाही.

"...मी वाजवली, चाचा."

माणसाने पुढे केलेले हात खाली घेतले.

"सातव्या मिनिटाला शंका आली. म्हणून वाजवली. शेवटपर्यंत." त्याने पेटी मागे घेतली. "ती बरोबर होती, चाचा. अगदी बरोबर कापली होती मी."

"म्हणजे न्यायची का न्हाई?" माणसाने विचारलं.

"दुसरी कापतो!" अधिराज त्याच्याकडे वळला. "एक तास थांबा. फक्त एक तास."

"न्हाई जमायचं, दादा. वाटेत आणि दोन ठिकाणी जायचंय. तिकडं लोक खोळंबून बसल्यात."

अधिराजने चाचांकडे पाहिलं. यंत्रावरची चादर निघाली तेव्हापासून हा माणूस चाचांना ओळखत होता. चाचांनी शब्द टाकला असता तर तो थांबला असता, चहा घेतला असता, वर दुसरा मागितला असता.

"जा बाबा," चाचा म्हणाले. "तुला उशीर व्हायला लागलाय."

गाडी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, आणि गेली.

"एक शब्द बोलला असतात तर थांबला असता तो!" अधिराज ओरडला. चाचांसमोर त्याने आवाज चढवायची ही पहिलीच वेळ. "तुम्हाला आधीच दिसलं होतं ना? मायक्रोस्कोपमध्ये दिसलं होतं ना सगळं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

चाचांनी दार लोटून घेतलं.

"आणि मी सांगितलं नसतं तर? जाऊ दिली असतीत तशीच?"

"नाव तुझं लिवलं हुतं वरती."

अधिराज पेटी मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला. जरा वेळाने फोन वाजला. लेबलवाल्यांचा होता; गाडीवाल्याने वाटेतून त्यांना कळवलं होतं. त्याने उचलला आणि ऐकलं. "समजलं," एवढंच म्हणाला आणि ठेवला. चौथी रेकॉर्ड आता नाशिकच्या एका मुलीची निघणार होती. तिची लॅकर कालच कुठूनतरी कापून तयार झाली होती.

तो रडत होता, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

चाचांनी कपाट उघडलं. खालच्या खणात एकच कोरी तबकडी उरली होती. तशी नवी परदेशातून यायला चार-चार महिने लागतात. त्यांनी कागद सोडला, तबकडी कडेने धरून उजेडात तिरपी केली, फुंकर मारली आणि यंत्रावर बसवली. सुई गरम करायचं बटण दाबलं. मग खुर्ची ओढून अधिराजच्या समोर ठेवली.

"बस. काप."

"ही शेवटची आहे, चाचा."

"म्हाईत हाय."

"गाडी गेली. जागा गेली." अधिराजने बाहीने तोंड पुसलं. "आता कापून काय करू मी? घरी बसून वाजवू?"

"वाजीव की," चाचा म्हणाले. "वाजवावीशी वाटली तर."