बुडबुड्यांची पंगत

"उद्या सकाळी ही ओसरी मोकळी झाली पाहिजे! इथं माझी कबुतरं राहणार!"

राजे हैबतरावांनी हुकूम सोडला आणि चावडीच्या ओसरीवर भरलेल्या दामूगुरुजींच्या शाळेतले पाढे मधेच तुटले. गावात दुसरी धड जागा नव्हती. ओसरी गेली की शाळाही गेली!

"महाराज, मुलं शिकतील कुठं?" गुरुजींनी हात जोडले.

"शिकतात कुठं? मिठाच्या पाण्यात अंडी तरंगवतात म्हणे! त्यापेक्षा माझी कबुतरं बरी, निदान अंडी उबवतात तरी!"

राजे स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले. पोरांमध्ये बसलेल्या सगुणानं मात्र पाटी खाली ठेवली. ती राजवाड्यातल्या वाढप्याची लेक. शाळा बंद झाली की घरी बसून दिवसभर पत्रावळी लावायच्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती ताडकन उठली.

"महाराज, आम्हाला काही येतं का, ते विचारून तरी बघा!"

"अस्सं?" राजांनी कमरेचा रेशमी रुमाल काढला. "हा त्या घंगाळाच्या तळापर्यंत ने आणि कोरडा वर आण. मेण लावायचं नाही, झाकण घालायचं नाही! जमलं तर शाळा राहिली. भिजला, तर उचला पाट्या!"

ओसरीच्या कडेचं ते चावडीचं घंगाळ पाण्यानं काठोकाठ भरलेलं. पोरांची तोंडं उतरली. सगुणानं गुरुजींचा पितळी पेला घेतला, रुमाल त्याच्या बुडाशी घट्ट कोंबला, पेला उपडा केला आणि सरळ, अगदी सरळ, पाण्यात दाबत नेला. कोपरापर्यंत हात बुडाला. टण्! पेला तळाला टेकला आणि तसाच सरळ वर आला.

राजांनी रुमाल ओढून काढला, गालाला लावून पाहिला. कोरडा ठणठणीत!

"चेटूक आहे हे!"

"मग तुम्हीच करून बघा की, महाराज!"

राजांनी बाह्या सारल्या, रुमाल कोंबला आणि घाईघाईनं पेला तिरकाच बुडवला. बुडबुड, बुडबुड! रुमाल चिंब झाला आणि राजांचा अंगरखाही. पोरं तोंडं दाबून खुसखुसली.

"आता कसा भिजला?" राजे गरजले.

"आत बसलेल्याला तुम्ही उठवलंत ना! बुडबुड करत तो निघून गेला."

"कोण?"

"हवा! पेल्यात ती आधीच बसली होती. मी पेला सरळ धरला, तेव्हा पाणी मुकाट्यानं दाराशी थांबलं. माझे बाबा तुमच्या पंगतीत वाढतात, महाराज. पानावर बसलेल्याला राजासुद्धा उठवत नाही, ही तुमच्याच वाड्यातली रीत. ती पाण्याला कळली. आम्हीपण इथं आधीच बसलोय!"

राजांनी ओला रुमाल पिळला. मग राजे असे खदखदून हसले की चावडीवरचे पारवे उडाले.

"पोरी, पाण्यानं नाही, तू भिजवलंस मला! ओसरी शाळेचीच. हे घंगाळ तुला बक्षीस. आणि कबुतरं राहतील माझ्या शेजघरात!"

जाता जाता ते थबकले. "गुरुजी, ते अंडं तरंगतं कसं? मीही बसू का इथं?"

"बसा की, महाराज," सगुणा म्हणाली. "पण रांगेत शेवटी हं! उशिरा आलेल्याची तीच जागा!"