नवलपरी आणि सगुणाची तिसरी पाकळी

घाटाच्या पायथ्याशी, हिरव्यागार रानाच्या कुशीत भोकरवाडी नावाची पिटुकली वाडी होती. वाडीतल्या शेवटच्या झोपडीत नऊ वर्षांची सगुणा आणि तिची आई, दोघीच राहायच्या. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायची आणि त्यावर दोघींचं पोट भरायचं. पण गेल्या थंडीत आईच्या बोटांना सूज आली. बोटं वाकली ती वाकलीच. साधी भाकरी थापायची म्हटलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग रानातून पानं आणणं, काड्या सोलणं, पत्रावळी टाचणं, सगळं सगुणाच करू लागली. शाळेची घंटा रानापर्यंत ऐकू यायची, तेव्हा सगुणाच्या डोक्यावर पानांचा भारा असायचा.

"उद्या तरी जा गं शाळेत," आई म्हणायची.

"उद्या जाते," सगुणा म्हणायची. तो उद्या काही उजाडत नव्हता.

एका सकाळी सगुणा ओढ्याकाठी पानं खुडत होती. कोवळं पिवळं ऊन फांद्यांमधून गळत होतं आणि गवताच्या पात्यापात्यावर दवाचे इवले इवले मोती चमचमत होते. इतक्यात करवंदीच्या जाळीत काहीतरी खडखडलं. सगुणा वाकून बघते तर काय, कुणीतरी रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात एक अजब जनावर अडकलं होतं. नाकापासून शेपटीपर्यंत अंगभर खवले, जसे कौलारू घरावर कौलावर कौल रचलेले. सगुणाची चाहूल लागताच त्याने अंगाचा गोल चेंडू करून घेतला.

सगुणा आधी घाबरली. मग तिला दिसलं, की तो चेंडू थरथरतोय.

"भिऊ नकोस रे," ती हळूच म्हणाली. तारेचं एक टोक झाडाला बांधलेलं होतं. ते सोडवताना तिच्या बोटांना चरे पडले, पण ती थांबली नाही. फास सैल झाला. बराच वेळ तो चेंडू तसाच पडून राहिला. मग त्यातून एक निमुळतं तोंड बाहेर आलं, काळ्या मण्यांसारखे दोन डोळे दिसले, आणि ते जनावर डुलत डुलत जाळीआड निघून गेलं.

"किती देखणं आहेस तू," सगुणा त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली.

"त्याला देखणं म्हणणारी तू पहिलीच," कुणीतरी बोललं.

सगुणाने वळून पाहिलं. पळसाच्या पानावर वीतभर उंचीची एक परी बसली होती. तिचे पंख सोनेरी, निळे, जांभळे असे क्षणाक्षणाला रंग पालटत होते. तिचा झगा शेवाळासारखा हिरवा होता आणि केसांत दवाचे थेंब माळलेले होते.

"मी नवलपरी," ती म्हणाली. "वाघ-सिंहांच्या गोष्टी सगळे सांगतात. ज्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, त्या प्राण्यांची मी राखण करते. आज सोडवलंस ना, ते खवलेमांजर. त्याला एकही दात नाही. लांबलचक चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी टिपतं. त्याचं पिल्लू आईच्या शेपटीवर बसून रानभर हिंडतं." मग तिने ओंजळ उघडली. ओंजळीत तीन पाकळ्यांचं शुभ्र फूल होतं. "हे तुझं. एका पाकळीला एक इच्छा."

सगुणाने फूल घेतलं. ती लगेच म्हणाली, "परीताई, माझ्या आईचे हात बरे कर."

"जरा थांब. फुलाचे नियम ऐक. पहिल्या दोन पाकळ्या डोळ्यांच्या, म्हणजे काहीतरी बघण्याच्या. तिसरी मनाची. हा क्रम बदलत नाही. पाकळी तोडलीस की त्याच क्षणी तू त्या इच्छेच्या जागी पोचशील. मग आधीच्या जागी थांबता येणार नाही. तिथलं काही, साधा केससुद्धा, घरी आणायचं नाही. आणि ओढ्याकाठच्या त्या काळ्या खडकाची सावली पाण्याला टेकली, की उरलेली पाकळी गळून पडेल. फूल संपेपर्यंत मीसुद्धा या नियमांना बांधलेली आहे. मी फक्त पाकळी सांगेल तेवढंच करू शकते."

खडकाची सावली अजून पुष्कळ दूर होती. दोन पाकळ्या पटकन संपवू आणि आईकडे जाऊ, असं सगुणाने ठरवलं. तिने पहिली पाकळी तोडली. "ज्यांच्या गोष्टी मी कधी ऐकल्या नाहीत, ते प्राणी मला दाखव."

पळसाचं पान चादरीएवढं मोठं झालं आणि दोघींना घेऊन भुर्रकन आभाळात उडालं. खाली डोंगर इवलाले झाले, नद्या चांदीच्या दोऱ्यांसारख्या दिसू लागल्या. बघता बघता एक अफाट, पिवळसर गवताळ माळ आला. तिथे हरणांसारख्या प्राण्यांचा कळप धूळ उडवत पळत होता. पण त्यांची नाकं कशी, तर जणू एक आखूड, मऊ सोंडच तोंडावर लोंबत होती.

सगुणाला हसू आलं. "यांची नाकं अशी का?"

"हे सायगा. उन्हाळ्यात धूळ नाकातच अडते, आणि थंडीत बर्फाळ वारा छातीत जाण्याआधी तिथे ऊबदार होतो."

सगुणाचं हसू थांबलं. तिने पुन्हा नीट पाहिलं. आता ते नाक तिला मुळीच वेडंवाकडं वाटेना.

पान पूर्वेकडे, मग दक्षिणेकडे वळलं. खाली निळाशार समुद्र लखलखत होता. पलीकडे ऑस्ट्रेलियात, एका शांत नदीकाठी ते उतरलं. पाण्यातून बुडबुडे आले आणि पाठोपाठ एक तपकिरी, मखमली जीव वर आला. त्याची चोच बदकाची, शेपूट चपटी, पायांना पोहण्यासाठी पडदे.

"हा पक्षी की प्राणी?" सगुणाने विचारलं.

"हा प्लॅटिपस. याची आई अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर आली की त्यांना दूध पाजते. पाण्यात शिरताना तो डोळे, कान, नाक सगळं मिटून घेतो आणि नुसत्या चोचीने कोळंबी शोधतो."

"डोळे मिटून?"

"डोळे मिटून."

सगुणानेही डोळे मिटून पाहिले आणि ती चाचपडत जवळजवळ नदीतच पडली. परी खुदुखुदु हसली. प्लॅटिपसने मात्र टुपकन बुडी मारली. परतताना मादागास्कर बेटावर माकडांसारखे दिसणारे पांढरेशुभ्र सिफाका दिसले. झाडावरून उतरून ते दोन पायांवर, हात पसरून, आडव्या उड्या मारत चालले होते. ते चालणं म्हणजे जणू नाचच. सगुणाला वाटलं, दिवसभर इथेच बसावं.

पण तिला आईची आठवण झाली. तिने लगेच दुसरी पाकळी तोडली. "आता सगळ्यांत लाजाळू प्राणी दाखव. एकदाच बघते, मग आईकडे."

दोघी आफ्रिकेतल्या दाट, ओल्या रानात उतरल्या. तिथे ऊन हिरवं होऊनच जमिनीवर पडत होतं. समोर झाडाआड एक प्राणी उभा होता. अंग चॉकलेटसारखं गडद आणि मऊ, पायांवर मात्र पांढरे-काळे झेब्र्याचे पट्टे.

"ही ओकापी," परी कुजबुजली. "पट्टे झेब्र्यासारखे, पण नातं जिराफाशी. जीभ इतकी लांब की स्वतःचे कान चाटते. बाहेरच्या जगाला हिचा पत्ता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच लागला. इथल्या रानातल्या माणसांना मात्र ही आधीपासून ठाऊक होती."

पण ओकापी पळत नव्हती. ती एकाच जागी पाय आपटत होती. सगुणाला छातीत काहीतरी घुमल्यासारखं वाटलं, आवाज मात्र ऐकू येत नव्हता.

"ती पिल्लाला हाक मारतेय," परी म्हणाली. "माणसाच्या कानांना ऐकू येत नाही इतका खोल आवाज असतो तो."

सगुणा पुढे गेली. वादळाने एक भलंमोठं झाड उपटलं होतं, आणि त्याच्या मुळांच्या जागी चिखलाने भरलेला खड्डा झाला होता. खड्ड्यात ओकापीचं पिल्लू छातीपर्यंत रुतलं होतं.

"परीताई, हे तू मुद्दाम केलंस?"

"नाही गं बाळ. मलाही आत्ताच दिसतंय." परीच्या पंखांचे रंग फिके पडले होते. "आणि पाकळीशिवाय मला त्याला उचलता येत नाही. फूल तुझं आहे. काय करायचं ते तूच ठरव."

सगुणाच्या हातात एकच पाकळी उरली होती. ती तोडून पिल्लाची सुटका मागितली तर आईचे हात तसेच राहणार. आईचे हात मागितले तर त्याच क्षणी घरी जावं लागणार, आणि पिल्लू चिखलात राहणार.

तिने फूल केसांत खोवलं आणि फांद्या गोळा करायला लागली.

आधी जाड फांद्या खड्ड्यात आडव्या टाकल्या. त्यावर बारीक फांद्या उभ्या रचल्या. त्या चिखलात बुडायला लागल्या, तसा तिने केळीच्या पानांसारख्या रुंद पानांचा ढीग आणला आणि पत्रावळ टाचावी तशी पानं काड्यांनी एकमेकांना टाचली. एकावर एक पानांचे थर चढत गेले. काट्यांनी तिचे तळहात सोलवटले. ओकापी लांबून टक लावून बघत होती.

"सगुणा," परी हळू आवाजात म्हणाली, "खडकाची सावली पाण्यापासून हातभर राहिली आहे."

सगुणाने केसांतलं फूल काढून पाहिलं. पाकळीची कड पिवळी पडली होती. तिची बोटं पाकळीवर गेली. तिला आईची वाकलेली बोटं दिसली, भाकरी थापताना मिटलेले ओठ दिसले. खड्ड्यात पिल्लाने एक पाय पानांवर ठेवला होता. ती आत्ता गेली, तर ते घसरून पुन्हा खाली जाणार होतं.

तिने फूल परत केसांत खोवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिला सवड नव्हती. तिने आणखी एक फांदी पिल्लाच्या पोटाखाली सरकवली. पिल्लाने जोर लावला, घसरलं, पुन्हा जोर लावला. एक पाय, दुसरा पाय, आणि ते चिखलाने माखलेलं इवलंसं अंग धडपडत वर आलं. ओकापीने धावत येऊन निळसर जिभेने त्याला चाटायला सुरुवात केली. थोड्याच वेळात पिल्लू चुरूचुरू दूध पीत होतं.

सगुणाने केसांना हात लावला. हातात नुसता देठ आला.

परतीच्या वाटेवर ती तो देठ मुठीत धरून बसली. पान झोपडीच्या अंगणात उतरलं, तेव्हा आई दारात उभी होती. लेकीचे चिखलाने माखलेले कपडे बघून ती घाबरली.

"कुठे होतीस गं? काय झालं?"

सगुणाने आईच्या कुशीत तोंड लपवलं. "तुझे हात बरे होणार होते आई. मला वेळेवर येता आलं नाही." आणि तिने हुंदके देत खवलेमांजरापासून पिल्लापर्यंत सगळं सांगितलं.

आईने वाकड्या बोटांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पिल्लू वाचलं ना? मग बरं केलंस. त्याला टाकून आली असतीस, तर हे हात बरे होऊनही मला गोड लागले नसते."

तेवढ्यात नवलपरी फडफडत दोघींच्या मध्ये आली. तिच्या पंखांवर सगळे रंग परत आले होते.

"फूल संपलं," ती म्हणाली, "म्हणजे फुलाचे नियमही संपले. आता मी मोकळी आहे. आता मी कुणी न मागता, माझ्या मनाने देऊ शकते. आई, जरा हात पुढे करता?"

आईने बिचकत दोन्ही हात पुढे केले. परी तिच्या तळव्यावर उतरली आणि पंख मिटून बसली. तिच्या झग्यातून मऊ सोनेरी उजेड झिरपू लागला. तो आईच्या मनगटावर आला, बोटांवर आला, नखांपर्यंत पोचला. एकेक बोट कळी उमलावी तसं सरळ झालं.

"सगुणा," परीचा आवाज आता लांबून आल्यासारखा येत होता, "आज पाहिलंस ते सगळ्यांना सांग. ज्याची गोष्ट माहीत असते, त्याच्यासाठी कुणी फास लावत नाही."

उजेड एवढा वाढला की अंगण, तुळस, कुडाची भिंत, सगळं सोन्याचं झालं. मग तो विझत विझत साध्या उन्हात मिसळून गेला. आईच्या ओंजळीत कुणीच नव्हतं.

आईने मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग चुलीवर पाणी तापवलं, सगुणाला समोर बसवलं आणि तिचे सोलवटलेले तळहात हळुवार धुतले. एकेक काटा काढला. हळद लावली.

"दुखतंय?" आईने विचारलं.

"थोडंसं," सगुणा म्हणाली.

"तुझे हात बरे होईपर्यंत पानांना मी जाणार. तू उद्या शाळेत जायचं," आई म्हणाली, आणि आज पहिल्यांदाच दोघींना तो उद्या खरा वाटला.