ढोलीतली बाळंतीण

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं मला घरात बजावलेलं आहे. आपल्या माणसांचा कमीपणा चारचौघांत कशाला, म्हणतात. म्हणून हळूच सांगते.

पाखरं माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत, त्या फार जुन्या काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वर दाट राई, राईच्या पायथ्याशी झरा. गावात पाळणा मात्र एकच होता. ज्या घरी बाळ जन्मेल, तिथे तो वाजतगाजत जायचा. बाळ रांगू लागलं की पुढच्या घरी. पहिली अंघोळ झऱ्याच्या पाण्याने आणि मग पाळणा, अशी रीत होती. पाळणा कुणाकडे जाणार, हे गावची सुईण ठरवायची.

एकदा दोन घरी एकाच वेळी बाळं जन्मली आणि पाळण्यावरून तंटा पेटला. सुईणीला कुणाचंच मन मोडवेना. राईतलं एक झाड तोडून दुसरा पाळणा करा, असं तिने सांगितलं. दोन्ही घरांनी तिला लुगडं नेसवलं.

मग तीच रीत पडली. दुसऱ्याच्या पाळण्यात बाळ निजवणं लोकांना हलकं वाटू लागलं. घरं वाढली. चुली वाढल्या, सरपण वाढलं, शेतं डोंगर चढू लागली. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली, तशा घागरी भरताना बायका भांडू लागल्या.

सुईणीला हे सगळं दिसत होतं. पण आता पुरे म्हणावं, तर लोक म्हणणार, आमच्याच बाळाच्या वेळी बरं सुचलं हिला. म्हणून ती मान हलवायची आणि सुतार कुऱ्हाड उचलायचा. तिची पेटी लुगड्यांनी भरली.

पुढे तिच्याच सुनेचे दिवस भरत आले. राईत आता एकच मोठा बेहडा उरला होता. सुईणीचं नातवंड मागून आणलेल्या पाळण्यात निजणार की काय, असं म्हणून सुतार हसला. ती त्याच्याबरोबर निघाली.

बेहड्याच्या खोडात एक ढोली होती. तिचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं, मधे बारीक फट. मोठ्या चोचीचा एक धनेश पक्षी त्या फटीतून आत उंबर भरवत होता.

"आजी, हे झाड नको," धनेश म्हणाला. "आत माझी बाळंतीण आहे."

"दुसरीकडे ने तिला."

"तिने पिसं झाडली आहेत, तिला उडता येत नाही. आणि बाळंतिणीला हलवू नये, हे घरोघर तूच सांगतेस ना?"

सुईणीने खाली पाहिलं. सुताराने विचारलं, "मग काय करू?"

तिने मान हलवली.

बेहडा पडला, ढोली फुटली. मादी जमिनीवरून सरपटत झुडपात गेली. पिलं खोडाखाली राहिली. धनेशाने शाप दिला नाही. उरलेलं उंबर त्याने फुटक्या ढोलीत ठेवलं आणि तो उडून गेला.

सुईणीच्या घरी नात जन्मली. पाळणा तयार होता. सुईण कळशी घेऊन झऱ्यावर गेली, तर तिथे नुसतं ओलं शेवाळ होतं. शेजारणींनी आपापल्या रांजणांवर झाकणं ठेवली. त्यांचीही लेकरं तहानलेली होती.

"पाणी कुठं आहे, आत्याबाई?" सुनेने विचारलं.

 सुईणीने पदर तोंडावर ओढून घेतला.

बारशाआधीच गाव उठलं. लोक डोक्यावर रिकामे पाळणे घेऊन पाण्याच्या शोधात निघाले. त्यांच्यात ओली बाळंतीणही होती, पोटाशी बाळ धरून, पावलागणिक थांबत. सुईण सगळ्यांच्या मागून चालत होती. वाटेत वठलेल्या फांदीवर धनेश बसला होता. ती त्याच्या खालून गेली, पण तिला मान वर करता आली नाही.

म्हणून ध्यानात ठेवा, घरात पाळणा बांधण्याआधी आपल्या झऱ्याला किती जणांची तहान भागवता येईल आणि आपल्यापायी कुणाचं घर मोडेल, हे विचारावं.

तो पाळणा कुठे गेला म्हणाल, तर आमच्याच माळ्यावर आहे. त्याच्या एका फळीला ढोलीची गोल कड अजून दिसते, आणि तिच्यावरून हात फिरवला की वाळलेला चिखल बोटांना… हो आई, आले. नाही गं, कुणाशी नाही, मी नुसतं