लहानूचा तंबू

टाकून द्या म्हणं. तंबू गळायला लागला की टाकायचा आन् दुकानातनं नवा आणायचा, असं आत्ताच सांगून गेला एक शहाणा. कशापायी टाकायचा? थांबला असता तर तोंडावर सांगितलं असतं. गेला निघून. आता तुम्हीच ऐका.

एकदा एक गेनूआबा म्हणून म्हातारा हुता. धरणाच्या काठाला पावण्यांना तंबू लावून द्यायचा त्याचा धंदा. हाताखाली लहानू. नावाचाच लहानू, मिशा ह्या एवढ्या, आन् राग नाकावर. आबानं त्याला बजावलं हुतं, "उद्या पावण्यांचा डोंगरावरचा मुक्काम तू एकट्यानं सांभाळायचा. पण आधी तंबू मला दाखव. पटला तरच जायचं."

लहानू ह्याच दिवसाची वाट बघत हुता. फाटलं हुतं तिथं त्यानं ठिगळं मारली, कडंनं पंक्चरवाल्याचं सोल्युशन फिरवलं, आन् इस्त्रीच्या धोतरागत घडी घालून तंबू आबापुढं ठेवला.

आबानं ठिगळाकडं बघितलंबी न्हाई. "अंगणात उभा कर." केला. "आत जा." गेला. म्हाताऱ्यानं भर दुपारी बाहेरनं तंबूच्या दाराची चेन वढली.

"आबा, डोकं फिरलं का? भाजून निघालोय मी हितं."

"बोंबलू नगं. वर बघ."

"काय बघू? ठिगळं पक्की हायती माझी."

"ठिगळं सोडून बघ."

लहानूनं दात खात मान वर केली. ठिगळं खरंच पक्की हुती. पण घडी पडायची त्या रेघंवर, ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तूर, सुईच्या टोकाएवढी उन्हाची भोकं. दरसाली त्याच रेघंवर घडी. घालणारा तोच.

लहानूनं त्या रेघंवरनं बोट फिरवलं. "आबा, म्हंजी हे मीच केलं."

"फाटलेलं कुणालाबी दिसतं, गड्या," आबा कापडाबाहेरनं बोलला. "वारा फाडतो, त्याला शिव्या देता येत्यात. पण आपल्याच हातानं, आपल्याच सवयीनं झिजलेलं बाहेरनं न्हाई दिसत. आत बसावं लागतं, ऊन सोसावं लागतं. न्हाईतर वर डोंगरावर लोकांच्या लेकरांच्या अंगावर गळंल तवा कळंल."

"मग आता टाकायचा?"

"टाकायची भाषा केलीस तर तुलाच टाकीन. रेघ भरून घे. आन् हितनं पुढं घडी नगं. वाळला की पिशवीत कसाबी कोंब."

आबानं चेन उघडली. लहानू बाहेर आलाच न्हाई. नुसता हात काढला. "ती सोल्युशनची डबी द्या आत."

दिवस कलायच्या आत आबा स्वतः आत शिरला, मान वर करून हिंडला, आन् म्हणाला, "जा उद्या."

तुमचंबी काहीतरी गळत असंल. घर असंल, धंदा असंल. नव्याचं नाव काढू नका. आत जाऊन बसा. आत्ता.